बोळक्याची निर्दोष सुटका

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त चार अंगांनीच). तुझ्या मनगटाचं प्लास्टर निघालं हे वाचून हायसं वाटलं. मनगट ओल्या फरशीमुळे नव्हे, फरशी पुसणाऱ्या काकांमुळे मोडलं, हा तुझा मुद्दा मी नोंदवून घेतला आहे.

तू विचारतेस, तुमच्या उंदरातलं ते हाडांचं जनुक माझ्यात कधी बसवणार? आत्या, ते तितकं सोपं नाही गं. आपल्या अंगात जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्यामागून नवं हाड भरणाऱ्या. खरवडणाऱ्या पेशी किती तयार व्हाव्यात, यात त्या जनुकाचा हात असतो. आमच्या एका उंदराचं ते जनुक जन्मापासून बिघडलेलं, त्यामुळे त्या पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. तू म्हणशील, नशीबवान मेला! पण जबड्याचं हाड खरवडलं जात नाही म्हणून दातांना वर यायला वाटच नाही. सगळे आत अडकलेले. म्हणून त्याचं नाव बोळक्या. त्याचं खाणं भिजवून कालवायचं काम माझं (पदवी घेताना हे कुणी बोललं नव्हतं).

तर मंगळवारी सकाळी पाहते तो पिंजरा उघडा, बोळक्या गायब! मोठ्या बाईंनी (प्रयोगशाळेच्या प्रमुख, हसल्याची नोंद नाही) टेबलाचा खण ओढला, तर त्यांच्या हस्तलिखित नोंदवहीच्या चिंध्या झालेल्या, आणि चिंध्यांच्या गादीवर बोळक्या गाढ झोपलेला.

"हा उंदीर आणि तू, उद्यापासून दोघंही इथे नकोत," बाई म्हणाल्या. माझं ठीक आहे गं, मी घरी गेले असते. पण त्याला घर कुठलं? मी त्याला उचललं आणि अंगठ्यानं त्याचं तोंड उघडून बाईंसमोर धरलं. "बाई, हा कुरतडेल तरी कशानं?"

बाईंनी चष्मा लावला. मग चक्क त्याच्या तोंडात बोट घातलं. बोळक्या ते चोखायला लागला. तेवढ्यात कपाटामागून एक साधा घरगुती उंदीर तोंडात कागदाचा कपटा धरून ऐटीत निघाला, आणि बाई खुर्चीवर! (जन्म उंदरांत गेला, पण पिंजऱ्यातल्या.) वरूनच हसायला लागल्या, ते थांबेचनात. नंतर दोन दिवस आम्ही दोघी पानं चिकटवत बसलो. त्यांची आई खुबा मोडून अंथरुणाला खिळली, म्हणून त्या या कामाकडे वळल्या, हे मला तेव्हा कळलं.

काकांना नमस्कार. तू जपून चाल.

तुझी भाची

ता. क. पिंजऱ्याची कडी मीच लावायची विसरले होते. बाईंना अजून सांगायचा धीर झालेला नाही.

ता. क. २ खरं तर पत्र यासाठी लिहिलं : बोळक्या चार दिवस मी कालवलेल्या खाण्याकडे पाहून तोंड फिरवतोय, वजन उतरलंय. तू कवळी डबीत ठेवून सगळं आवडीनं खातेस. काय, किती वेळ भिजवतेस, ते उलट टपाली कळव.

ता. क. ३ रागावू नकोस. त्याला मी तुझ्याबद्दल काही बोललेले नाही.