चाचणीसाठी चिमीचा आवाज

४ जून
लागले एकदाची कामाला. टेबल खिडकीजवळ, घर दोन गल्ल्यांवर, आणि ऑफिसचा चहा चक्क पिण्यासारखा! काम रेडिओचं. पेटीत एक चिप आहे, तिची आतली जोडणी संगणकावरून हवी तशी बदलायची. सकाळी वॉकीटॉकी, दुपारी फोन, पेटी तीच. फक्त वीज गेली की चिप सगळं विसरते. चिपच्या एका कोपऱ्यात कुणीतरी जुनं काहीतरी बांधलंय. त्याची मूळ फाईल हरवली, म्हणून सात वर्षं पेटी बंदच केलेली नाही. कोपऱ्याला हात न लावता उरलेल्या जागेत काम करा, म्हणाले साहेब. कोपरा करतो काय, ते त्यांनाही ठाऊक नाही. आनंदच आहे.

५ जून
शेजारी बसणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे मौनीबाबा म्हणतात. बोलत नाही, चिठ्ठ्या लिहितो. आज लिहिलं, चाचणीला लहान मुलाचा आवाज उत्तम. म्हटलं, त्याचा आमच्याकडे सुकाळ आहे. चिमी माझी सहा वर्षांची लेक, तोंडाला कुलूप नाही. संध्याकाळी तिचे पाढे रेकॉर्ड केले.

९ जून
पाढे स्वच्छ ऐकू येतात. पण आज पेटीतून चिमी म्हणाली, आई, पाणी. मी पाढ्यांखेरीज काही रेकॉर्ड केलेलं नाही. संगणकावर चिपच्या जोडणीचा नकाशा उघडला तर तो जुना कोपरा दुप्पट झालेला. घरी चिमीला पाणी हा शब्दच आठवेना. नुसतं पेल्याकडे बोट. मी मेली तिच्यावरच ओरडले.

१२ जून
दिवसभरात चिमी चार शब्द बोलली. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. इकडे पेटीची अखंड बडबड, चिमीच्या आवाजात. साहेब म्हणाले, घरची दुखणी ऑफिसात आणू नका. वायर उपटायला गेले तर मौनीबाबाने मनगट धरलं. चिठ्ठी दिली: वीज गेली तर तिचा आवाज कायमचा जाईल. बदल्यात तुमचा द्या. मी दिला होता.

१३ जून
चिमी पूर्ण गप्प. नुसते ओठ हलतात —
सकाळपासून माईकसमोर बसलेय. सुचेल ते बोलतेय. शिव्यासुद्धा. घे म्हणावं, सगळं घे.

१४ जून
शब्द लिहिता येतात. बोलता येत नाहीत. चिमी मात्र सकाळपासून बोलतेय, थांबतच नाही. तिला कुशीत घेऊन रडले. रडण्यालाही आवाज नाही. चालेल मला. पोर परत मिळाली.

१५ जून
पेटी माझ्या आवाजात बोलतेय —
कुणाशी? नकाशा बघितला. ती आपली आपण फोन झालीय. नंबर आमच्या घरचा.
चिमे, ऑफिसात ये, म्हणतेय. लाडाने. बाबांना सांगू नकोस म्हणतेय —

वायरकडे धावले. मौनीबाबाने चाचणीच्या खोलीत ढकललं. पत्र्याची खोली. आवाज बाहेर जात नाही, फोन लागत नाही. काचेतून सगळं दिसतं फक्त —

त्याने काचेला चिठ्ठी लावली. माझा मुलगा सात वर्षं पेटीत एकटाच आहे. सोबत हवी.

चिमी आली. दारात.
हसतेय — पेटीकडे बघून —
काच बडवतेय मी. ऐकू जात नाही —
हे पान काचेला धरते. मोठ्या अक्षरात. तिला वाचता येतं, सावकाश, पण येतं —

चिमे ती आई नाही
इकडे बघ
मी इक