सासऱ्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स

७ जानेवारी
सासऱ्यांची जुनी गाडी आज टेम्पोत घालून आपल्या गॅरेजात आणली. घरात तिला सगळे बेडकी म्हणतात. पुढून गोल, इंजिन मागे, डिकी पुढे. डॉक्टरांनी सासऱ्यांचं ड्रायव्हिंग बंद केल्यापासून ती त्यांच्या जुन्या घराच्या अंगणात उभी होती. याच गाडीतून ते सासूबाईंना दर रविवारी तलावावर न्यायचे. सासूबाई गेल्या, सासरे आमच्याकडे राहायला आले, गाडी तिथेच राहिली. आज म्हणाले, एकदा तिच्यातून तलावावर जाऊन यावं, एवढंच मनात आहे. मी तिथल्या तिथे शब्द दिला. २२ मार्चला त्यांना ऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी तलाव. गाडी मी स्वतः तयार करणार.

बायको म्हणाली, मेकॅनिकला बोलवू या. मी नुसता हसलो.

९ जानेवारी
बायकोने परस्पर मेकॅनिकला फोन केला. तो म्हणे बॅटरी गेली असेल, कार्ब्युरेटर साफ करा, चालेल. गाडी न बघता निदान. अशांनीच धंदा बदनाम केलाय.

१३ जानेवारी, रविवार
केवळ त्याचं म्हणणं खोटं ठरावं म्हणून बॅटरी बदलली आणि कार्ब्युरेटर साफ केला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

मला हे संशयास्पद वाटतं. इतक्या सहज सुरू होणारी गाडी काहीतरी लपवत असते.

आवाज ऐकून सासरे बूट घालून बाहेर आले. त्यांना म्हटलं, बाबा, घाई नको, आधी गिअरबॉक्स उघडून बघतो. त्यांनी विचारलं, गिअरबॉक्सला काय झालंय? म्हटलं, उघडल्याशिवाय कसं कळणार? ते आत जाऊन बूट काढून बसले.

१४ जानेवारी
बायको बोलत नाही. इंजिनिअरिंग तिला कधी आवडलंच नाही.

२० जानेवारी
इंजिन उतरवलं. मग गिअरबॉक्स उतरवला. मदतीला शेजारचा टर्बो होता. टर्बो गेली सहा वर्षं आपल्या गॅरेजात स्पोर्ट्‌स कार बांधतोय. अजून फक्त हॉर्न झालाय, पण हॉर्न उत्तम आहे. अनुभवी माणूस हाताशी असलेला बरा.

निश्चय: प्रत्येक पार्ट काढला की लगेच फोटो. प्रत्येक बोल्ट वेगळ्या डबीत. शिस्त म्हणजे काय ते या घराला दाखवून देणार.

२१ जानेवारी
डब्या संपल्या. बायकोचे स्वयंपाकघरातले डबे वापरले.

२२ जानेवारी
बायकोने डबे परत नेले. आतलं सगळं एका बादलीत ओतलं. एवढं तेल लागलेले डबे तिला कशाला हवे होते कोण जाणे.

२७ जानेवारी
गिअरबॉक्स पूर्ण खोलला. आत सगळं नव्यासारखं. एक दात झिजलेला नाही. म्हणजे बिघाड फार खोल आहे.

१० फेब्रुवारी
दोन रविवार सर्दी. कपाळावर बाम लावून गाडीचं मॅन्युअल वाचलं. चित्रं सुंदर आहेत. मजकूर परक्या भाषेत आहे, पण चित्रांवरून आशय कळतो.

१७ फेब्रुवारी
फोटो बघायला घेतले. बहुतेक फोटोंत टर्बोचा अंगठा आहे. काही हरकत नाही. मला सगळं पाठ आहे.

२४ फेब्रुवारी
गिअरबॉक्स जोडायला घेतला. आत एक मोठं दातेरी चक्र आहे, त्याच्यावरून चाकांना जोर मिळतो. हे चक्र डावीकडूनही बसतं आणि उजवीकडूनही बसतं. कुठूनही बसवा. जुन्या काळचे कारागीर पुढच्या माणसाचा किती विचार करत. टर्बो म्हणाला, डावीकडून बसवू, तिकडे उजेड बरा आहे. बसवलं.

सासरे दारात उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, मार्चपर्यंत होईल ना? म्हटलं, फेब्रुवारीतच होईल.

३ मार्च
मार्च उजाडला. फेब्रुवारी मुळात लहान महिना, त्यात माझा काय दोष?

मेकॅनिक रस्त्याने जाता जाता डोकावला. म्हणाला, साहेब, एकदा मला दाखवा तरी. म्हटलं, वाढदिवसाच्या दिवशी बघ, घोडामैदान जवळच आहे.

१० मार्च
गिअरबॉक्स बसला. इंजिन बसलं. सात बोल्ट उरले. गाडी तेवढी हलकी झाली, ॲव्हरेज वाढणार.

१७ मार्च, दुपारी चार
ऐतिहासिक क्षण. गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलला, स्टार्टर मारला, पहिला गिअर टाकला आणि चाकं फिरली. टर्बोने आनंदाने आपल्या गॅरेजात जाऊन हॉर्न वाजवला.

सासरे खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, जावईबापू, चाकं उलटी फिरताहेत की काय? त्यांना समजावलं की वेगाने फिरणारं चाक डोळ्यांना उलटंच दिसतं, सिनेमात नाही का दिसत. मला त्यांची काळजी वाटते. वाढदिवस झाला की मोतीबिंदूचं बघायला हवं.

रस्त्यावर काढून बघणार होतो, पण सकाळीच गाडीला दिलेला रंग ओला होता.

२२ मार्च, सकाळी सात
आजचा दिवस. गाडी पुसून ठेवली आहे. तोंड रस्त्याकडे. सासऱ्यांनी ठेवणीतला कोट काढलाय, रात्रभर नीट झोपले नसावेत. बायको आज बरं बोलली. मेकॅनिकलाही आवर्जून बोलावलं आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

२२ मार्च, संध्याकाळ
सासरे शेजारी बसले, बायको मागे. मेकॅनिक आणि टर्बो फाटकापाशी. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी ताडकन मागे गेली आणि मागच्या भिंतीला टेकवलेल्या वॉशिंग मशिनवर जाऊन आदळली. म्हटलं, चुकून रिव्हर्स पडला असेल. दुसरा टाकला. मशिन भिंतीला चिकटलं. तिसरा टाकायला बायकोने दिला नाही.

टर्बो धावत आला. त्याने वाकून पाहिलं, विचार केला आणि त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, ते मोठं चक्र उजवीकडूनच बसवायचं असतं. डावीकडून बसलं की चारही गिअर मागे जातात आणि फक्त रिव्हर्स पुढे जातो. हे त्याला आधीपासून माहीत होतं, फक्त त्या दिवशी आठवलं नव्हतं. मेकॅनिक फाटकाला धरून खाली बसला होता, खांदे हलत होते.

मी सुचवलं की मग मागे बघत चौथ्या गिअरवर तलावापर्यंत जाऊ, पंधरा मिनिटांत पोचू. बायको म्हणाली, माझे वडील ऐंशी वर्षं जगलेत, त्यांना एक्क्याऐंशीवं बघायचंय.

म्हणून रिव्हर्सवर पुढे निघालो. इंजिन किंचाळत होतं, गिअर सारखा निसटत होता, तो एका हाताने दाबून धरावा लागत होता. सासरे मात्र काच खाली करून बसले होते. सपाट रस्त्यावर ते एकदा म्हणाले, ही इथे बसायची, मी बसलोय तिथे. मला एकदम फार बरं वाटलं. वाटलं, शब्द पाळला आपण.

मग तलावाचा चढ लागला. क्लच घसरायला लागला आणि गाडी जेमतेम सरकू लागली. एक फिरायला निघालेल्या बाई मागून येऊन पुढे गेल्या. त्यांचा कुत्राही पुढे गेला. सासऱ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग शांतपणे दार उघडून चालत्या गाडीतून खाली उतरले, कोट सारखा केला. बायकोही उतरली. ते खिडकीशी वाकून, माझ्याबरोबरीने चालता चालता म्हणाले, जावईबापू, तुम्ही या सावकाश, आम्ही पुढे होतो.

मी वर पोचलो तेव्हा त्यांचा तलाव बघून झाला होता आणि ते उतरायला लागले होते.