शंभर दाण्यांची परीक्षा

२८ मे, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. काल मोबाइलवर दोन तास हिंदी वेबिनार ऐकला. सर म्हणाले, माल विकू नका, विचार विका. विश्वास आपोआप येतो. याला थॉट लीडरशिप म्हणतात. इकडे तेलंगणात, बाजारहत्नूरकडे, माझं धरून बियाण्यांची दुकानं बरीच आहेत, थॉट लीडर एकही नाही. जागा रिकामी आहे. संकल्प : रोज एक व्हिडिओ.

३० मे
व्हिडिओ नाही. शर्टाला इस्त्री नव्हती.

२ जून
मंचेरियलहून बॅनर आला. वर तेलुगू, खाली मराठी : ‘विश्वासाचं दुसरं नाव, देवानंद.’ फोटोत हाताची घडी घातली आहे. बायकोला, शुभांगीला, विचारलं कसा दिसतो. ती म्हणाली, फोटोतले तुमी कामाचे दिसता. म्हणजे आवडला.

६ जून
एक अडचण आहे. शुभांगी. दर हंगामात ती दुकानाच्या ओट्यावर बसते, नव्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून न बघता शंभर दाणे काढते, ओल्या बारदान्यात, म्हणजे गोणपाटात, गुंडाळते. पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर उकलून मोजते आणि किती उगवले ते पाटीवर लिहिते. सत्तरच्या खाली आले की पोती कंपनीला परत. बारा वर्षं हेच. लोकही आधी पाटीकडे बघतात, मग माझ्याकडे. दुकानात लीडर असताना दारात ओला बारदाना शोभतो का? तिला समजावलं. ती म्हणाली, काऊन, त्यानं तुमचं काय घोडं मारलं? चर्चा अपूर्ण.

११ जून
ऐतिहासिक दिवस. काल सोयाबीनचा नवा लॉट आला, तिनं लगेच दाणे बांधले. पाच दिवस कोण थांबणार? व्हिडिओ टाकला : ‘नव्वद टक्के उगवण, देवानंदचा शब्द.’ एकवीस वेळा पाहिला गेला. त्यात सहा वेळा मी, पण तेही मोजतात.

१२ जून
पहिला अनुयायी! साळा खुशाल उटनूरकडून आला. भाऊजी, व्हिडिओ पायला, आता पाटी कायले पायजे, म्हणाला. तीन पोती नेली. शुभांगी बाजाराला गेली होती. आल्यावर म्हणाली, बारदाना उकलाच्या आधी देल्लं? मी म्हटलं, घरचाच माणूस आहे. म्हूनच इचारून राह्यली, म्हणाली.

१५ जून
बारदाना उकलला. एकेचाळीस. पाणी खारट असावं. तिनं पाटीवर लिहिलं, गिऱ्हाईक यायच्या आत मी पुसलं. बाकीची पोती तिनं परत पाठवली. म्हणाली, खुशालले आत्ताच्या आत्ता फोन करा, पेरू नोको म्हना. मी हो म्हटलं. पण लीडरनं चार दिवसांत शब्द फिरवायचा? उद्या करीन.

१६ जून
तिनं विचारलं, केला का? मी म्हटलं, केला.

१८ जून
खरोखरच केला. खुशाल पेरून मोकळा झाला होता. मी अभिनंदन केलं.

२७ जून
शुभांगी माहेरी गेली, भावाच्या दुबार पेरणीला. रानात कुठंकुठं एखादं रोप दिसतं म्हणे. खुशाल मला एका शब्दानं बोलला नाही, म्हणजे विश्वास टिकून आहे. जाताना ती म्हणाली, तुमी फोन केला म्हटलं, म्हून मी केला नाही. एवढंच. चार दिवसांत येईल.

२० जुलै
आली नाही. आजचा विषय होता ‘नातं आणि ब्रँड’. चार वेळा शूट केलं, चारही वेळा आवाज बसला. धूळ फार आहे. टाकला नाही.

२ सप्टेंबर
लोक येतात, ओट्याकडे बघतात, वयनी कधी येतीन विचारतात आणि जातात. बॅनरचा रंग उडाला, मिशी तेवढी उरली. मी भात अजून दोघांचाच टाकतो. ती नसली की करमत नाही. याचा ब्रँडशी संबंध नाही, तरी नोंद करून ठेवतो.

८ ऑक्टोबर
कळलं की शुभांगी खुशालच्या ओट्यावर बसते. हरभऱ्याचं बी तपासून घ्यायला आसपासच्या गावांतून लोक येतात. ठरलं, मीही जाणार. माफी मागणार. भाषण करणार नाही, दुकानातल्या हरभऱ्याचे शंभर दाणे पुढे ठेवणार. सकाळभर ताट घेऊन एकेक निवडला. सगळे टपोरे, एकही डागी नाही.

९ ऑक्टोबर
रांगेत पाचवा होतो. पुढच्या बाईनं ओळखलं नाही. शुभांगी वाळली आहे. तिनं पुडी सोडली, दाणे तळहातावर पसरले. मी म्हटलं, दुकानातलाच लॉट आहे. तिनं बोटानं दाणे उलटेपालटे केले. मग हळूच विचारलं, निवडून आनले ना? मी म्हटलं, नाही.
तिचे डोळे भरले. म्हणाली, हे सारे उगतीन, पन हे पोत्यातले नोहेत. पुडी पुन्हा बांधून माझ्या हातात दिली आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं.
बसमध्ये माफीची आठवण झाली. ती मागायची राहिलीच.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
तेच दाणे मी बारदान्यात बांधले होते. आज उकलले. शंभरच्या शंभर उगवले. पाटीवर लिहून ओट्यावर बसलो. दुपारपर्यंत कोणी आलं नाही, मग मीच पुसलं.