त्रिस्तरीय चाळण

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी.

घरामागे कॉन्ट्रॅक्टरने जो ढीग सोडलाय त्यात माती, खडी, विटांचे तुकडे आणि एक डावी चप्पल आहे. हिला तिथे वाफे करायचेत. आयुष्यभर खिडकीतल्या डब्यांत झाडं लावली, आता जमीन मिळाली आहे तर हात धुऊन मागे लागली आहे. बी आणून ठेवलंय. ते आत्ताच पेरायला हवं, ऊन वाढलं की उगवणार नाही म्हणे. मला एवढंच म्हणाली की रोज संध्याकाळी थोडे थोडे दगड वेचू या, दोघं मिळून.

मला हसू आलं. दगड काय वेचायचे! चाळण बनवायची. एकदा चाळण झाली की ढीग एका दुपारचा. सासूबाई म्हणाल्या, जुनं भाजीचं क्रेट आहे, त्यातून चाळा. त्यांचं वय लक्षात घेऊन गप्प बसलो.

पुढच्या रविवारी चाळण तयार. सोमवारी माती. मंगळवारी पेरणी.

५ मार्च
डिझाइन झालं. चाळण त्रिस्तरीय: जाड, मध्यम, बारीक. जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पसरलंय, त्याला कोणी हात लावायचा नाही असं सांगितलंय. दोघी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने जेवल्या. मोठ्या कामात घरच्यांचाही वाटा असतो.

ऑफिसात माझ्या प्लॅनिंगचा दरारा होता. सेंड-ऑफला साहेब भाषणात म्हणाले होते, यांचे प्लॅन आम्ही कधीच विसरणार नाही. लोक हसले होते. आनंदाने.

८ मार्च
हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, जाळीचं भोक केवढं हवं? मी म्हटलं, स्टँडर्ड. तो म्हणाला, कशासाठी स्टँडर्ड? अशा लोकांशी वाद घालू नये.

त्याच्याकडे भिंतीला एक तयार चाळण टांगलेली होती. नीट तपासली. बरेच दोष आढळले. मुख्य म्हणजे ती तयार होती.

सगळ्यात बारीक जाळी घेतली. दुकानदार म्हणाला, साहेब, ही डासांसाठी असते. त्याला काय कळणार? जाळी जितकी बारीक, तितकी माती उच्च प्रतीची, हा साधा हिशेब आहे. तिन्ही थरांना तीच लावणार. क्वालिटीत तडजोड नाही.

९ मार्च, रविवार
आज चाळण तयार होणार होती. लाकूड आणायचं राहिलं. त्यात माझी चूक नाही, ड्रॉइंगमध्ये लाकूड गृहीत धरलं होतं.

११ मार्च
लाकडाचा प्रश्न सुटला! सासूबाई मेहुण्याकडे गेल्या आहेत, चांगल्या आठवडाभर. त्यांचा पलंग नुसताच पडून होता. सागवान. पूर्वी काय माल वापरायचे! सुटा करायला अख्खा दिवस लागला. त्या यायच्या आत चाळण होईल आणि उरलेल्या लाकडाचा नवा, सुटसुटीत पलंगही. एका दगडात दोन पक्षी.

हिला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

१२ मार्च
सासूबाई लवकर परत आल्या. मेहुण्याच्या घरी त्यांना करमलं नाही. (त्याच्या घरात कोणालाच करमत नाही. त्यालाही नाही.)

सरप्राइज झालं.

सासूबाई आता आमच्या खोलीत हिच्याबरोबर. मी सोफ्यावर. सोफ्यावर विचार छान सुचतात.

१६ मार्च, रविवार
चौकट उभी राहिली. सोफ्याजवळच बांधली, म्हणजे मनात आलं की काम करता येतं. किंचित तिरकी आहे. पण निसर्गात काटकोन असतो कुठे? जमिनीवर ठेवली की डुगडुगते. मी नीट पाहिलं, दोष फरशीचा आहे, लेव्हलमध्ये नाही. सासूबाई आतून अंगण वाकडं असल्याबद्दल काहीतरी बोलल्या. मी सांगितलं, अंगण नाही, हॉल.

शिवाय चाळण डुगडुगलीच पाहिजे. नाहीतर चाळणार कशी? हे आपोआप साधलं.

१९ मार्च
कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, वाकू नका. दिवसभर सोफ्यावरून मागच्या खिडकीतून बघत होतो. ही आणि सासूबाई संध्याकाळी मागे स्टूल टाकून बसतात. मध्ये बादल्या, ते क्रेट, आणि गप्पा. खूप हसतात. कधी कधी शेजारचे कर्नलही असतात. (सैन्यात कधीच नव्हते. मिशी आहे.) या लोकांकडे किती रिकामा वेळ आहे! माणसाला एखादा छंद हवा.

ही आत येऊन काहीतरी म्हणाली, मुळा वगैरे. मी ‘हं’ म्हटलं. डोक्यात बिजागऱ्या होत्या.

ढीग जरा लहान वाटतो. माती बसते कालांतराने.

२३ मार्च, रविवार
मेकॅनायझेशन. टेबलफॅनची मोटर चौकटीला जोडली. बटण दाबलं. चाळण जागची हलली नाही, मोटर मात्र बरीच लांब गेली. योजना रद्द. मनुष्यबळच उत्तम, व्यायामही होतो. आता घरात फॅन एक कमी आहे, पण अजून तसं उकडत नाही. दोघींना उकडतं. सवयीचा प्रश्न आहे.

चाळणीला पाय लावले. आता ती माझ्या खांद्याएवढी झाली. भव्य दिसते.

२७ मार्च
चाळण मागच्या दारातून जात नाही. आडवी नाही, उभी नाही, तिरपी तर मुळीच नाही. कर्नल म्हणाले, पाय काढा. मी म्हटलं, दार काढू. मूळ वस्तूला धक्का लावणं मला मान्य नाही. दार काढलं, चौकटीसकट. थोडा गिलावाही आला.

चाळण बाहेर! तोवर अंधार पडला होता, म्हणून दाराशीच कॉन्ट्रॅक्टरच्या ताडपत्रीखाली झाकून ठेवली. रविवारी उद्घाटन. मेहुण्याला सहकुटुंब बोलावलंय. त्याने बघावंच. ही म्हणाली, अहो, आधी मागे नीट बघून तर या. मी म्हटलं, जे काही बघायचं ते आता सगळ्यांबरोबर.

३० मार्च, रविवार
सकाळी सगळे मागे जमले. मी फावडं घेऊन पुढे झालो.

ढीग नव्हता.

एका बाजूला दगड नीट रचलेले. त्यांच्यावर ती डावी चप्पल. दुसऱ्या बाजूला चार वाफे, ओले, काळेभोर, आणि त्यांत दोन दोन पानांचे कोंब, रांगेत. मेहुणा खाली बसून बघायला लागला. त्याची बायको म्हणाली, किती गं सुंदर केलंस! सासूबाई सांगत होत्या, क्रेटमधून कसं चाळलं, कोण बादली धरायचं. ही नुसती वाफ्यांकडे बघत होती. एवढी खूष ती मला कधी दिसली होती, ते आठवेना.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तीनदा सांगितलं. तुम्ही ‘हं’ म्हणालात.

कर्नलना माझी दया आली असावी. ते आपल्या अंगणातली पाटीभर माती घेऊन आले आणि चाळणीत ओतली. मी हलवली. काहीच पडेना. जोर लावला. बारीक धूळ उडाली ती मेहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर. दगड वर, मातीही वर. मग चाळण खाली बसली. मोडली असं म्हणता येणार नाही. हळूहळू बसली, थकलेल्या माणसासारखी.

कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

३१ मार्च
दुपारी हिला विचारलं की माझी कंबर धरायच्या आधी एकदाही मला मागे का ओढून नेलं नाही. ती म्हणाली, खरं सांगू? तुम्ही पुढे गुंतला होता, म्हणून मागचं काम झालं. तुमच्या चाळणीची खूप मदत झाली आम्हाला.

यावर बराच विचार केला. कौतुकच आहे, असं आधी वाटलं होतं.

संध्याकाळी ती म्हणाली, ते दगड रस्त्याकडेला न्यायचेत. मी घमेलं उचललं. कंबरेमुळे उचललं जाईना, तेव्हा दुसरी बाजू तिने धरली. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. मधे एकदा दम खायला थांबलो तेव्हा मी विचारलं, वाफ्यांत काय काय लावलंय?

तिने चौथ्यांदा सांगितलं. एकेका वाफ्याकडे बोट दाखवून, सावकाश. या वेळी मी अगदी कान देऊन ऐकलं.

मुळा, टोमॅटो, झेंडू आणि आणखी एक काहीतरी.