पांढऱ्या कानाची

मु. मांजरी, मंगळवार

प्रिय सरू,

फोन केला की नम्रता उचलते आणि आई झोपलीय म्हणते. सकाळी अकरा वाजता? जी बाई या घरात तीस वर्षं कोंबड्याच्या आधी उठली, ती लेकीकडे गेली आणि अकराला झोपायला लागली? पोरीला खोटं तरी नीट शिकवायचं होतंस. चौथीपर्यंत शिकलेल्या थोरल्या जावेला पत्र लिहायला लावलंस, हाताला कळ लागली माझ्या. लोणीला जाताना साड्या नेल्यास, देव नेलेस, भाऊजींचा फोटो नेलास, आणि नऊ कोंबड्या माझ्या गळ्यात टाकून गेलीस. त्या काळीने माझी तुळस दोनदा उकरली. चार महिने झाले सरू. गेटवर मी जे बोलले तेही लिहिणार आहे, पळत नाही मी. पण आधी कोंबड्यांचं ऐक, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मला कोंबडी म्हणजे कोंबडी, हे तुला ठाऊक आहे. दाणे टाकायचे, अंडी उचलायची, समोरच्या सोसायटीच्या गेटवर गावरान म्हणून द्यायची. कोण कुठली ते तू बघायचीस. तू गेल्यावर कळलं, नऊ जीव पाळले आणि एकीलाही मी ओळखत नाही. मागच्या महिन्यात जनावरांच्या दवाखान्यातली अवनी डॉक्टरीण राणीखेत रोगाची लस द्यायला आली. मी एकेकीला धरून बसले आणि ती सांगत गेली. चार तांबड्या सरकारी योजनेतल्या, त्यांना आरआयआर म्हणतात. दोन थोराड, जाड पायाच्या, त्या गिरिराज. उघड्या मानेची तेवढी आपली खरी गावरान. म्हणजे नवातली एक, आणि मी सगळ्याच गावरान म्हणून विकत होते. काळी ती कडकनाथ. तिची चोच उघडून डॉक्टरणीने मला जीभ दाखवली. जीभसुद्धा काळी गं. नखं काळी, तुरा काळा, म्हणाली आत मांसही काळंच. आणि एवढ्या काळ्या अंगातून अंडं येतं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. रोज उचलत होते, कधी बघितलं नाही. तांबडं अंडं फोडून त्याचं कवच आतून बघा म्हणाली. बघितलं. आतून पांढरंच. रंग म्हणे अगदी शेवटी चढतो, बाहेर पडायच्या आधी. त्या पोटात कोण रंगारी बसवलाय देवाने, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नववी ती ठिपक्यांची, मोटारसायकलवर पिल्लं विकणाऱ्याकडून घेतलेली. डॉक्टरीण म्हणाली, मिसळीची आहे, पण हिच्यात लेगहॉर्नचं, म्हणजे पोल्ट्रीतल्या पांढऱ्या कोंबडीचं रक्त आहे, कान बघा. ज्या कोंबडीची कानाची पाळी पांढरी, तिचं अंडं बहुतेक पांढरं, आणि पाळी लाल तर अंडं तांबूस. मी म्हटलं, मला काय लहान पोर समजलीस? मग तांबड्या चौघींचे कान बघितले, लाल. थोराड दोघींचे, लाल. कडकनाथीचं सगळंच काळं, तिथे कुणाचा नियम चालत नाही. आणि ठिपक्यांचीच्या गालावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग. तेव्हा मला आठवलं. आणली त्या दिवशीच तू म्हणाली होतीस, अक्का, हिचा कान बघ, ही निराळी आहे. मी म्हटलं होतं, कुड्या घालायच्यात का तिला?

आता गेटवरचं. सोसायटीतल्या श्रद्धा मॅडमनी डझनातली तीन पांढरी अंडी माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, ही पोल्ट्रीची मिसळलीत. आठ बाया उभ्या होत्या. पाटी तू भरली होतीस. मी तुला विचारलं नाही, नुसती वळले आणि म्हटलं, “सरू, दुकानातली अंडी घालून माझं नाक कापलंस.” तू पाटी खाली ठेवलीस, अंड्यांवरचं फडकं सारखं केलंस आणि गेलीस. मला वाटलं, खरी असती तर तोंड उघडलं असतं.

डॉक्टरीण गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठिपक्यांचीला एकटीला डालग्याखाली कोंडलं आणि समोर पाट घेऊन बसले. दोन तास. दूध उतू गेलं, उठले नाही. तिने पिसं फुलवली, जरा उभी राहिली, आणि मी हात खाली धरला. पांढरं. ओलं, तापलेलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत सुकलं. सरू, मी तीन बाळंतपणं केली, पण अंगावर असा काटा आला नव्हता. एवढीशी पक्षीण, अंगावर ठिपके घेऊन फिरते, आणि खरं काय ते कानावर लिहून ठेवलेलं असतं. आपल्या परसात, माझ्या पायात. ती त्याच आठवड्यात पहिल्यांदा अंड्यावर आली असणार, आणि नंतर कुंपणात कुठेतरी चोरून घालत असणार, म्हणून माझ्या हाती एकही पांढरं लागलं नव्हतं. आणि तू कान बघितला होतास, तुला गेटवरसुद्धा माहीत होतं. मग का बोलली नाहीस, याचा मी रोज विचार करते. मला एवढंच सुचतं, की तीस वर्षं एका चुलीवर काढल्यावर माझ्यासमोर कोंबडीची साक्ष काढायची तुला लाज वाटली.

माझं चुकलं. लिहिलं, आता खोडत नाही. श्रद्धा मॅडमना मी कोंबडी काखेत मारून नेऊन दाखवली, त्यांना पटलं. पण आठ जणींसमोर बोलले ते एकीसमोर फिटत नाही. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आठही जणींना गेटवर यायला सांगितलंय. सरूने काही केलं नव्हतं, मी खोटा आळ घेतला, असं मोठ्याने म्हणणार आहे. पण तू तिथे उभी पाहिजेस, भिंतीला सांगून काय उपयोग. नंतर राहायचं की लोणीला परत जायचं, ते तुझं तू बघ. उघड्या मानेची खुडूक बसलीय. शेजारचा कोंबडा आपल्याच परसात असतो, म्हणून तिच्याखाली सात अंडी ठेवलीत, त्यातली तीन पांढरी, आणि पिल्लं निघायचा एकविसावा दिवस सोमवारी आहे. भाजीवाले सर्जेराव टेम्पो घेऊन रविवारी पहाटे लोणीवरूनच येणार आहेत, त्यांना तुझ्या दाराशी थांबायला सांगितलंय. येतेस की नाही, ते शुक्रवारपर्यंत मला कळव. नाही म्हणायचं तर तेही म्हण, पण तुझ्या तोंडून. आई झोपलीय, हे उत्तर मी घेणार नाही.

तुझीच,
विमलअक्का