डब्यातल्या सुया

अहो,

मुरबाडहून आलात की कोंबड्या डालून घ्या. भात चुलीवर झाकून ठेवलाय. भाऊ जीप घेऊन आलाय, पोरीला घेऊन ठाण्याच्या हॉस्पिटलात चालले. भाताची रोपं लावताना, आवणीत धरलेल्या माझ्या पाठीला तुमी अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचल्या, तिथंच मणक्याच्या सांध्यात पू झालाय. खर्डीच्या डॉक्टरांनी सुयांचं विचारलं, तेव्हा तुमची अब्रू राखायला मी नाय म्हटलं.

काल आपली मनस्वी सहज बोलून गेली, "बाबा पेशंटना पाकिटातली नवी सुई लावतात, आईला डब्यातली वापरलेली."

घरच्या माणसाला काय, चालतं, असंच ना?

डबा पिशवीत घेतलाय. ठाण्याच्या डॉक्टरांपुढं ठेवणार. नवी पाकिटं कपाटात तशीच आहेत. त्यांना मी हात लावला नाय, ती तुमच्या पेशंटची.

रंभा