शिशात उमटलेली माणसं

मी, श्रीमती सुमन चारुदत्त कर्णिक, वय वर्षे एकाहत्तर, मूळ गाव रेवदंडा, जिल्हा रायगड, सध्या राहणार फुनाबोरी, एदोगावा वॉर्ड, टोकियो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे माझे दीर अंबरीष पुण्याहून सगळ्यांना फोन करून सांगत असतात, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. दार आतून लावलेले आहे.

इथल्या कायद्याला सगळा मजकूर स्वहस्ते लिहिलेला आणि खाली शिक्का एवढे पुरते, साक्षीदार लागत नाहीत असे कळते. मला लागतात. शिक्का कोणीही उचलून मारू शकतो. माझा शिक्का कुठे असतो ते मी इथे लिहिणार नाही.

कलम १. फुनाबोरीचे राहते घर. हे घर माझे यजमान कै. चारुदत्त यांनी घेतले, ते इथे संगणकाच्या कंपनीत होते तेव्हा. त्यांच्यामागे ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते कोणाला द्यायचे हे सर्वांत शेवटी लिहीन. जो वाचणारा इथूनच शेवटचे पान उलटेल, त्याच्याबद्दल माझे मत आधीच झालेले आहे.

कलम २. पुण्याच्या बँकेतली ठेव माझी नात सलोनी हिला ती सज्ञान झाल्यावर मिळावी. सलोनी ही माझा एकुलता एक मुलगा कै. वरद याची मुलगी, वय आठ. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, आणि आमचे भांडण होत नाही. मधल्या काळात ठेवीला तिच्या आईने, म्हणजे माझी सून मिहो हिने, हात लावू नये. का, ते कलम सहामध्ये येईल.

कलम ३. शिसे ओतण्याचे सामान. गळाला लावायचे शिशाचे वजन, ज्याला इथे ओमोरी म्हणतात, ते मी गेली वीस वर्षे घरी ओतते. मासेमारीचा नाद यजमानांचा. मी नुसती डबा घेऊन आराकावा नदीच्या काठी बसायची. एकदा ओहोटीला पाहिले तर दगडांच्या फटीत लोकांची तुटलेली वजने अडकून पडली होती, फुकट. दुकानात तीच पैसे मोजून घ्यायची, हे मला पटेना. मी ती वेचून आणली आणि जुन्या लोखंडी कढईत वितळवली. वर मळी येते ती काढावी, साचा आधी तापवून घ्यावा, नाहीतर पहिले वजन म्हातारीच्या गालासारखे सुरकुतते. साच्यात ओल राहिली तर शिसे उसळून तोंडावर येते. हे सगळे मी स्वतःच शिकले, भाजून घेऊन.

बाल्कनीत शेगडी पेटवणे इमारतीच्या नियमात बसत नाही. व्यवस्थापक ओकुमुरा-सान खालून वर बघतात, "आज वारा आहे, कर्णिक-सान," एवढेच म्हणतात आणि जातात. ते कुठे नोंद करतात का, हे मला अजून कळलेले नाही.

कढई, पळी, साचे आणि तारेची वेटोळी यजमानांचे मित्र जयप्रकाश यांना द्यावीत. पेरूच्या आकाराचा माझा साचा पाहून त्यांनी गुपचूप तसाच एक करवून घेतला, हे मला माहीत आहे. त्यांच्या वजनांवर माझ्याच साच्याचा ओरखडा उमटलेला मी पाहिला. असो, आता मूळ साचाच घ्या. उरलेले कच्चे शिसे कोणत्याही वारच्या कचऱ्यात चालत नाही, ते भंगारवाल्याकडे न्यावे. हळूच नदीत सोडायचा विचार करू नये.

कलम ४. बिस्किटांचा निळा डबा. हा डबा घरच्यांनी आजवर उघडलेला नाही असे ते सांगतात. त्यात माझ्या आयुष्यातले पुरावे आहेत.

आमच्याकडे दृष्ट काढायची ती तुरटीने. तुरटी माणसावरून ओवाळून विस्तवावर टाकली की फुगते आणि जिची दृष्ट लागली तिचे तोंड तीत दिसते. माझ्या आईला हमखास दिसायचे. टोकियोत आल्यावर मोठीच अडचण झाली. इथे तुरटी मिळते, वांग्याच्या लोणच्यात घालतात, पण ती आधीच भाजून केलेली पूड. भाजलेली तुरटी पुन्हा काय फुगणार? शिवाय घरात विस्तव नाही, धूर झाला की छतावरची घंटा कोकलते. शिसे मात्र हाताशी होतेच. पळीभर शिसे ओवाळायचे, वितळवायचे आणि बादलीतल्या पाण्यात सोडायचे. चर्र होते, पाणी निवते, आणि तळाशी माणूस असतो. यजमान हसायचे. "सुमन, तुला शिसं दिसतं का शेजारीण?" असे विचारायचे. त्यांचा स्वभाव भोळा होता, आणि भोळ्या माणसाच्या बायकोला दुपटीने डोळे उघडे ठेवावे लागतात.

कलम ५. वरील डब्यातील तुकडे ज्याचे त्याला द्यावेत. सोबत काही बोलू नये.

(अ) सुटलेले पोट आणि वर बारीक डोके, हा तुकडा दीर अंबरीष यांना. हे घर घेतले तेव्हा ते पाहुणे म्हणून आले आणि प्रत्येक खोलीत उभे राहून "दादाने नाव काढलं हो!" असे म्हणाले. ते पुण्याला पोचायच्या आत स्वयंपाकघराच्या छतातून पाणी गळू लागले.

(आ) मानेवर अंबाडा असलेला तुकडा विमल हिला. विमल चौथ्या मजल्यावर राहते, पुण्याची आहे, आणि नाही म्हटले तरी रोज येते. मी एकदा टोपलीभर हाझे मासे आणले, चिखलात राहणारे, तळले की जिभेवर विरघळणारे. लिफ्टमध्ये ती म्हणाली, "अगंबाई, एवढे! आमच्या नशिबात नाही गं बाई." दुसऱ्या दिवशी माझी गळाची काठी हातातून सुटून नदीत गेली. मी तिला काही बोलले नाही. आजवर चहा देते.

(इ) दोन तोंडे एकमेकांना चिकटलेला एक तुकडा आहे. तो कोणाचा याची चौकशी अजून चालू आहे. माझ्यामागे ती बंद करावी.

कलम ६. सून मिहो. इथे मला सावकाश लिहावे लागेल.

वरद आणि मिहो तोयोसूच्या एकाच कंपनीत होते. लग्नाला मी नाही म्हटले नाही, तिला मराठी शिकवायची जबाबदारी वरदने घेतली. ती माझ्याशी नीट वागायची, आणि तेच मला खटकायचे. कोणतीही सून इतकी नीट वागत नाही. सलोनी झाल्यावर मात्र तिने बाल्कनीचे दार लावायला सुरुवात केली. "आई, शिसं लहान मुलांना विष आहे," म्हणाली. खरेच आहे ते, मी चौकशी केली. पण खऱ्याच्या आडूनही माणूस काही साधू शकतो. तेव्हापासून सलोनी काचेमागे उभी राहून मला हात करते.

दोन वर्षांपूर्वी वरदच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तो बरेच दिवस दवाखान्यात होता, डोळे मिटून. एका संध्याकाळी मी तिथून परत आले आणि त्याच्या सदऱ्यावरून शिसे ओवाळले. पाण्यात जो तुकडा पडला, त्यात रुंद कपाळ होते, बारीक जिवणी होती आणि खाली टोकदार हनुवटी होती. मिहो. मी तो तुकडा फडक्यात गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवला. कोणाला सांगितले नाही. वरद त्याच आठवड्यात गेला.

त्यानंतर विमलने मला एक गोष्ट सांगितली. नवरा गेल्यावर इथे बायको वॉर्ड ऑफिसात जाऊन सासरचे नाते संपवू शकते. सासूची संमती लागत नाही, तिला कळवायचीही गरज नाही. म्हणजे मी कदाचित तिची कोणीच नसेन आणि मला ठाऊकही नसेल. दर रविवारी ती सलोनीला घेऊन येते, भात लावते, माझी औषधे बघते. मी तिच्याकडे बघते आणि मनात म्हणते, ही सून आहे की पाहुणी? सलोनी माझ्या रक्ताची आहे, पण आठ वर्षांची पोर स्वतः स्टेशन ओलांडून आजीकडे येत नाही, तिला आणावे लागते. मिहोने आणणे थांबवले तर मी या घरात चार भिंती आणि एका कढईबरोबर उरेन. मला याची भीती वाटते, हे मी सरळच लिहिते.

तेव्हा मी असे ठरवले आहे. जयप्रकाश सांगतात की मृत्युपत्राने ज्याला काही मिळते, त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. या रविवारी मी मिहोला साक्षीदार म्हणून बसवणार. सही केली की तुला काही मिळणार नाही, हेही आधी सांगणार. ती कारणे काढू लागली की तिच्या मनातले मला कळेल.

(इथपर्यंतचा मजकूर गुरुवारी लिहिला. यापुढचा रविवारी, त्या दोघी इथे असताना.)

कलम ७. मी तिला सगळे समजावून सांगितले, मराठीत आणि मग मोडक्या जपानीत, म्हणजे नंतर "कळलं नाही" नको. ती म्हणाली, "हो, आई. सही कुठे?" आणि शेवटच्या पानावर सही करून मोकळी झाली. चहा निवायच्या आत.

इतक्या सहज? मला संशय आला. मी डबा आणला, तळातले फडके सोडले आणि तिचा तुकडा तिच्यासमोर उभा धरला. "ओळख बघू, कोण आहे," म्हटले.

तिने आधी टिश्यू घेतला, शिशाला उघड्या हाताने शिवत नाही ती. मग तुकडा माझ्या हातून घेऊन टेबलावर आडवा ठेवला आणि वाकून पाहत राहिली.

"वरद," ती म्हणाली. "दवाखान्यात असाच होता."

"नीट बघ. ते कपाळ तुझं आहे."

"चिगाउ. नाही, आई. तोंड थोडं उघडं. हे बघा, उशीकडे गाल."

मी चष्मा लावला. इतके दिवस मी तो तुकडा उभा धरून बघत आले, चेहरा धरावा तसा. आडवा कधी ठेवलाच नव्हता. आडवा ठेवल्यावर हनुवटीचे नाक झाले, आणि तो निजलेला होता. माझा मुलगा दोन वर्षे माझ्याच डब्यात पडून होता आणि मी त्याला दुसऱ्याचे नाव लावून ठेवले होते. मला रडू आले. मिहो आधीच रडत होती. सलोनी येऊन विचारू लागली, आम्ही तिला काही सांगितले नाही.

मग मी विचारलेच. "वॉर्ड ऑफिसात जाऊन आलीस का तू? नातं संपवायला?"

"मला माहीत आहे ते," ती म्हणाली. "ऑफिसमधली मैत्रीण बोलली होती. मी नाही गेले. आई, तुम्ही माझ्याकडे असं बघता ना, मला दर रविवारी वाटतं, आज म्हणतील उद्यापासून येऊ नकोस." आणि थोड्या वेळाने, "घर नको. हे मला द्याल?"

हीसुद्धा तिची हुशारी असेल. मी तेही मनात तपासून पाहिले, माझा स्वभाव एका रविवारात जाणार नाही. असेल तर असो.

कलम ८. फुनाबोरीचे राहते घर, आतल्या सर्व सामानासह, माझी सून मिहो हिला द्यावे. कलम दोनमधली हात न लावण्याची अट रद्द. ठेवीची देखरेखही तिनेच करावी.

कलम ९. आडवा पाहायचा तो तुकडा मिहोला मिळेल, पण मी मेल्यावर. तोपर्यंत तो माझ्या उशाशी राहील. तिने दर रविवारी येऊन बघावा. शिवायचा तर टिश्यूने.

कलम १०. आता दुसरा साक्षीदार कोठून आणायचा, हा प्रश्न आला. ओळखीच्या प्रत्येकाला मी काही ना काही देऊन ठेवले आहे. म्हणून कलम ५ (आ) रद्द करते. अंबाड्याचा तुकडा कढईत टाकून वितळवावा, आणि विमलवरचा संशय मी साक्षीदारापुरता मागे घेते.

ठिकाण : फुनाबोरी, टोकियो
दिनांक : १९ ऑक्टोबर २०२५, रविवार

मृत्युपत्र करणार : सुमन चारुदत्त कर्णिक (सही व शिक्का)

साक्षीदार :
१. ओकुमुरा, इमारतीचे व्यवस्थापक. यांना मराठी वाचता येत नाही, म्हणूनच निवडले.
२. विमल, चौथा मजला. सही करण्यापूर्वी हिने सगळे वाचले. मग चहा मागितला.

खोडाखोडीचा खुलासा : साक्षीदार क्रमांक दोनच्या जागी आधी मिहो हिची सही होती. ती मी स्वतः दोन रेघा मारून खोडली आहे आणि बाजूला शिक्का दिला आहे. ती शेजारीच उभी होती. "आई, माझी सही चुकली का?" असे तिने विचारले. "हो," मी सांगितले, "चुकीच्या जागी केलीस."